प्रचाराचे ई-मेल फुटल्यावर मतदाराने काय करावे: अमेरिकेतील मराठी मतदारांसाठी तपासणीचा क्रम

निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेचे ई-मेल चोरीला जातात, त्यांतले वेचे सगळीकडे फिरू लागतात आणि मराठी घरांतून दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात: ‘सगळे आधीच ठरलेले आहे, मत देऊन काय उपयोग?’ किंवा ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ गेल्या काही निवडणुकांत ओळखीच्या कुटुंबांना नोंदणीच्या आणि टपाली मतपत्रिकेच्या कामात मदत करताना माझ्या लक्षात आले की, लोकांची चूक बहुधा क्रमात होते. फुटलेली पत्रे वाचण्यात रात्री जातात आणि स्वतःच्या नोंदणीची मुदत टळून गेल्याचे आठवड्याने कळते. पुढचे टप्पे त्यासाठीच लावले आहेत: आधी स्वतःचे मत पक्के करायचे, मग मजकूर तपासायचा आणि त्यानंतरच त्याबद्दल बोलायचे.

हा लेख अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या, म्हणजेच मताचा अधिकार असलेल्या वाचकांसाठी आहे.

सावधान: ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी मतदार नोंदणी करू नये. वाहन परवाना काढताना अर्जात नोंदणीचा चौकोन असतो आणि तो घाईघाईत भरला जातो. नागरिक नसताना नोंदणी केली किंवा मत दिले, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो आणि देशाबाहेर काढले जाण्याचीही वेळ येऊ शकते.

## पूर्वतयारी

ही तयारी शांत दिवसांत, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. वहीच्या एका पानावर आपल्या राज्याच्या निवडणूक विभागाचे आणि काउंटी क्लार्कच्या कार्यालयाचे संकेतस्थळ व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. हे पत्ते शोधताना ‘व्होट डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळापासून सुरुवात करावी, कारण पत्त्याच्या शेवटी येणारे ‘डॉट गव्ह’ सरकारी संस्थांनाच मिळते. काही काउंटींची संकेतस्थळे अजून वेगळ्या पत्त्यावर आहेत, त्यामुळे राज्याच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून तिथे जाणे अधिक खात्रीचे. वाहन परवाना आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक हाताशी ठेवावेत. नोंदणीची अखेरची तारीखही त्याच पानावर ठळक लिहावी: न्यू जर्सीत ती मतदानाच्या २१ दिवस आधी असते, टेक्ससमध्ये ३० दिवस आधी, तर कॅलिफोर्नियात नेहमीची मुदत १५ दिवस आधी संपते आणि त्यानंतरही मतदानाच्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते. मुलगा कॅलिफोर्नियात आणि आई-वडील टेक्ससमध्ये, अशी अनेक घरे आहेत. एकाच्या नियमावर दुसऱ्याने विसंबू नये.

## टप्पा १: धसका कशाचा, ते एका वाक्यात लिहा

‘निवडणूक हॅक झाली’ या तीन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या घटना कोंबलेल्या असतात. प्रचारयंत्रणेची पत्रे चोरून ती प्रसिद्ध करणे ही पहिली. मतदार यादीच्या संगणकात शिरणे ही दुसरी. मतमोजणीत फेरफार ही तिसरी. पहिलीचा परिणाम मतदाराच्या मनावर होतो, दुसरीचा मतदान केंद्रावरच्या रांगेवर होऊ शकतो आणि निकाल थेट बदलण्याचा धोका फक्त तिसरीत असतो.

२०१६ मध्ये पहिली घटना निःसंशय घडली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीची आणि हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांची पत्रे चोरली गेली, आणि १३ जुलै २०१८ रोजी जीआरयू या रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या १२ अधिकाऱ्यांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. दुसरीही काही प्रमाणात घडली: इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणीच्या संगणकात घुसखोरी होऊन मतदारांची माहिती चोरीला गेली. तिसरी घडल्याचा पुरावा मात्र सिनेटच्या गुप्तचरविषयक समितीलाही सापडला नाही.

मग चोरलेल्या पत्रांनी निकाल फिरवला का? मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतले अंतर मिळून सुमारे ७८ हजार मतांचे होते, त्यामुळे ही शंका येणे स्वाभाविक आहे. पण अमेरिकी गुप्तचर संस्थांनी जानेवारी २०१७ च्या अहवालात, निकालावर झालेल्या परिणामाचे मोजमाप आम्ही केलेले नाही, असे स्पष्ट म्हटले होते. मतदाराच्या मनात कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वजनकाट्यावर ठेवता येत नाही. या प्रश्नावर रात्र घालवू नये.

तपासणी: लिहिलेले वाक्य ‘माझे मत मोजले जाईल का?’ अशा स्वरूपाचे असेल, तर ताबडतोब टप्पा २. ‘हा उमेदवार असे खरेच म्हणाला का?’ असे असेल, तरीही आधी टप्पा २ करावा आणि मग पुढे जावे.

## टप्पा २: स्वतःची नोंदणी आणि मतपत्रिका पक्की करा

राज्याच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पत्ता घालून आपली नोंदणी चालू आहे का ते पाहावे. इथे मराठी नावांची खास अडचण येते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर ते पूर्ण छापलेले असते, वाहन परवान्यावर त्याचे एक अक्षर उरते आणि मतदार यादीत कधी कधी तेच आडनावाला चिकटलेले आढळते. शोधल्यावर नाव दिसले नाही, की ‘माझे नाव उडवले’ असा संदेश कुटुंबाच्या गटात टाकण्याची घाई होते. तसे करण्यापूर्वी नावाच्या दोन-तीन रूपांनी शोधावे, मधले नाव वगळून पाहावे, जन्मतारखेत महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली नाही ना ते पाहावे. दिवस आधी लिहिण्याची भारतातली सवय कितीही वर्षांनी डोके वर काढते. तरीही नाव सापडले नाही, तर काउंटी क्लार्कच्या कार्यालयात फोन करावा. ही तिथली रोजचीच कामे असतात.

टपालाने मत देणाऱ्यांनी सहीकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक राज्यांत लिफाफ्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. अनेक ज्येष्ठ मंडळी बँकेत इंग्रजी सही करतात आणि घरच्या कागदांवर देवनागरी, त्यामुळे नोंदणीच्या वेळी कोणती केली होती ते त्यांनाच आठवत नाही. एका घरी आजींची मतपत्रिका याच कारणाने अडकली होती आणि घरात मात्र चर्चा परदेशी हॅकरांची चालली होती. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात सही जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात, पण तिला मुदत असते आणि ते पत्र टपालपेटीत जाहिरातींच्या गठ्ठ्यात सहज हरवते.

सावधान: नोंदणी तपासण्याचा दुवा ई-मेलमधून किंवा लघुसंदेशातून आला असेल, तर त्यावर टिचकी मारू नये. वहीतला पत्ता हाताने टाइप करावा. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लोरिडासह काही राज्यांतल्या मतदारांना ‘प्राउड बॉइज’ या अतिउजव्या संघटनेच्या नावाने धमकीचे ई-मेल आले होते: ट्रम्प यांना मत द्या, तुमची माहिती आमच्याकडे आहे. पाठवणारे त्या संघटनेचे नव्हतेच. अमेरिकी अधिकाऱ्यांनी काही दिवसांत हे काम इराणमधून झाल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी दोन इराणी नागरिकांवर आरोप ठेवले. आपला पत्ता आणि पक्षनोंदणी पाठवणाऱ्याला ठाऊक आहे, एवढ्यावरून त्याला आपले मतही दिसते असे समजू नये. अनेक राज्यांत मतदार यादीतली ही माहिती कायदेशीरपणे मिळवता येते. मत मात्र गुप्तच असते.

## टप्पा ३: कोणते ई-मेल, ते वेगळे करा

हा टप्पा गाळल्यामुळे आजही घरोघरी वाद होतात. २०१६ च्या संदर्भात ‘ते ई-मेल’ म्हणताना तीन प्रकरणे एकमेकांत मिसळली जातात.

१. परराष्ट्रमंत्री असताना क्लिंटन यांनी खासगी सर्व्हरवरून केलेला पत्रव्यवहार. याची चौकशी एफबीआयने केली. संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलै २०१६ रोजी आरोप न ठेवण्याची शिफारस केली आणि २८ ऑक्टोबरला काँग्रेसला पत्र लिहून विषय पुन्हा उघडला.

२. पक्षाच्या राष्ट्रीय समितीची चोरलेली पत्रे. विकिलीक्स या गुप्त कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाने ती २२ जुलैला, म्हणजे फिलाडेल्फियातल्या पक्ष अधिवेशनाच्या तीन दिवस आधी प्रसिद्ध केली.

३. पोडेस्टा यांच्या खासगी खात्यातली चोरलेली पत्रे. त्यांचा पहिला गठ्ठा ७ ऑक्टोबरला बाहेर आला.

पहिल्या प्रकरणात प्रश्न सरकारी पत्रे खासगी ठिकाणी ठेवण्याचा होता, तर उरलेल्या दोन्हींत प्रश्न चोरीचा आणि चोरलेल्या मजकुराचा. आलेला संदेश कोणत्या क्रमांकाचा आहे हे ठरवता येत नसेल, तर तो वाचण्यायोग्य झालेलाच नाही. आजच्या कोणत्याही निवडणुकीत हेच करावे: खाते कोणाचे, संस्था कोणती, चोरी केव्हाची, प्रसिद्धी केव्हाची, एवढ्या चार नोंदी वहीत घ्याव्यात.

## टप्पा ४: पत्र कोणत्या वाटेने आले, ते पाहा

चोरी आणि प्रसिद्धी यांत किती दिवस गेले, हे पहिले पाहावे. पोडेस्टा यांना फसवे पत्र गेले १९ मार्च २०१६ रोजी, ५० हजारांहून अधिक पत्रे उचलली गेली आणि ती बाहेर आली ऑक्टोबरमध्ये. ७ ऑक्टोबरच्या दुपारी आधी अमेरिकी सरकारने रशियाला दोष देणारे निवेदन काढले, मग ट्रम्प यांची स्त्रियांविषयीच्या अश्लाघ्य बोलण्याची जुनी ध्वनिचित्रफीत आली आणि त्यानंतर तासाभराच्या आत पोडेस्टा यांची पत्रे. त्यानंतर मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत ती थोडी थोडी करून बाहेर येत राहिली. मुहूर्त असा साधलेला असतो, तेव्हा पत्र खरे असले तरी ते आपल्यापर्यंत आजच का पोहोचवले गेले, हा प्रश्न त्याच्यासोबत वाचावा लागतो.

फ्रान्समध्ये तर घड्याळच हत्यार झाले. ५ मे २०१७ च्या रात्री इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या प्रचाराची सुमारे नऊ गिगाबाइट माहिती बाहेर टाकली गेली. मध्यरात्रीपासून प्रचारबंदी लागू होणार होती आणि मतदान ७ मेला होते, त्यामुळे उत्तर द्यायला वेळच उरला नव्हता. तिथल्या निवडणूक आयोगाने माध्यमांना मजकूर न छापण्याचे आवाहन केले.

दुसरे पाहायचे ते पुढे करणाऱ्याचे नाव. २०१६ मध्ये ‘गुसिफर २.०’ असे नाव घेतलेला कोणी स्वतःला एकटा रुमानियन हॅकर म्हणवत होता, तर आरोपपत्रानुसार त्या मुखवट्यामागे जीआरयूचे अधिकारी होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘रॉबर्ट’ नावाने कोणी पॉलिटिको आणि इतर वृत्तसंस्थांना ट्रम्प यांच्या प्रचारातली कागदपत्रे पाठवली. त्यांत जे. डी. व्हान्स यांच्याविषयीची २७१ पानांची पक्षांतर्गत छाननीही होती. पॉलिटिको, वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी चोरीची बातमी दिली, कागदपत्रे मात्र छापली नाहीत. सप्टेंबरअखेर तीन इराणी व्यक्तींवर आरोप ठेवले गेले. एकदा एका पक्षाचे घर फुटले, एकदा दुसऱ्याचे, म्हणून आपल्या आवडत्या पक्षाला झुकते माप देण्याची सोय इथे नाही.

तपासणी: पाठवणाऱ्याचे खरे नाव, त्याला ते पत्र मिळालेला मार्ग आणि प्रसिद्धीची तारीख, यांपैकी दोन नोंदी कोऱ्या राहिल्या, तर पत्र पुढे पाठवायचे नाही. वाचायला हरकत नाही.

## टप्पा ५: वेच्यावर थांबू नका, पूर्ण पत्र पाहा

हा सर्वांत मेहनतीचा टप्पा आहे आणि नेमका हाच बहुतेक जण टाळतात.

अ. लेखक कोण? पत्र पाठवणारा आणि मजकूर लिहिणारा एकच असतो असे नाही. १० ऑक्टोबर २०१६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी इथल्या सभेत ट्रम्प यांनी क्लिंटन यांचे निकटवर्ती सिडनी ब्लूमेंथल यांचे म्हणून एक अवतरण वाचून दाखवले. प्रत्यक्षात ते शब्द न्यूजवीकमध्ये कर्ट आयकेनवाल्ड यांनी लिहिलेल्या लेखातले होते आणि ब्लूमेंथल यांनी तो लेख फक्त पुढे पाठवला होता. रशियाच्या स्पुटनिक या वृत्तसंस्थेनेही त्याच दिवशी तीच चूक केली होती. आपणही काकांचा आलेला लेख गटात टाकतो. म्हणून तो आपण लिहिला असे कोणी म्हणावे का?

आ. कागदावर नंतर काही चढवले आहे का? गुसिफर २.० ने प्रसिद्ध केलेला पहिला दस्तऐवज राष्ट्रीय समितीचा म्हणून पुढे आला, पण तो पोडेस्टा यांच्या खात्यातला निघाला आणि त्यावरचा ‘गोपनीय’ हा शिक्का मूळ प्रतीत नव्हता, तो लक्ष वेधण्यासाठी चढवलेला होता. डेव्हिड सॅटर या पत्रकाराच्या चोरलेल्या कागदपत्रांच्या बाबतीत याहून पुढची मजल मारली गेली. टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दाखवून दिले की, खऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात काही ठिकाणी मजकूर बदलून तो प्रसिद्ध केला होता. नव्याण्णव पाने खरी निघाली की शंभरावे तपासण्याचा कंटाळा येतो, आणि फेरफार करणाऱ्याचा भरवसा नेमका या कंटाळ्यावर असतो.

इ. तांत्रिक खूण. अनेक ई-मेल सेवा पाठवताना पत्रावर डीकेआयएम नावाची अंकीय सही उमटवतात. ती जुळली, तर पत्र त्या सेवेतून गेले होते आणि सहीखालचा मजकूर नंतर बदललेला नाही, एवढे कळते. पोडेस्टा यांच्या बऱ्याच पत्रांवरची ही सही स्वतंत्र जाणकारांनी तपासली आणि ती जुळली. सही नसेल तर पत्र बनावट, असा उलट निष्कर्ष मात्र काढू नये, कारण सगळ्या यंत्रणा ती वापरत नाहीत. ही तपासणी घरी करत बसण्यापेक्षा ती कोणी केली आहे का, हे असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेच्या बातमीत शोधावे.

सावधान: फुटलेला गठ्ठा स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊ नये. त्यातल्या जोडपत्रांत घातक प्रणाली असू शकते, शिवाय निवडणुकीशी संबंध नसलेल्या सामान्य माणसांचे फोन क्रमांक आणि पत्तेही त्यात असतात.

## टप्पा ६: खरे निघाले, तर त्याचे वजन करा

चोरीचा माल म्हणून सगळेच खोटे ठरवणे ही आपल्या सुशिक्षित मंडळींची आवडती पळवाट आहे, आणि ती मला मान्य नाही. राष्ट्रीय समितीच्या पत्रांतून, उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याशी स्पर्धा करणारे बर्नी सँडर्स यांच्याविषयीची पक्षकार्यालयातली नाराजी दिसली आणि समितीच्या अध्यक्षा डेबी वासरमन शुल्त्झ यांना अधिवेशनाच्या आदल्या दिवशी राजीनामा जाहीर करावा लागला. पक्षाच्या पदाधिकारी डोना ब्राझील यांनी चर्चासत्रातल्या प्रश्नांची कल्पना क्लिंटन गटाला आधी दिल्याचे पत्रांत आले, आणि पुढे मार्च २०१७ मध्ये त्यांनी ती चूक असल्याचे कबूलही केले. मतदाराने असा मजकूर जरूर विचारात घ्यावा. त्याच्या शेजारी एवढेच लिहावे की, आपल्याला एकाच घराची कपाटे उघडून दाखवली गेली आहेत आणि दुसऱ्या घराची बंद आहेत.

पत्रात जे नाही ते वाचण्याचा मोह टाळावा. पोडेस्टा यांच्या पत्रांतल्या पिझ्झा आणि चीजच्या साध्या उल्लेखांना सांकेतिक भाषा ठरवून वॉशिंग्टनमधल्या कॉमेट पिंग पाँग या उपाहारगृहाच्या तळघरात मुलांना डांबल्याची वदंता उठवली गेली. ४ डिसेंबर २०१६ रोजी एक माणूस रायफल घेऊन तिथे शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. त्या जागेला तळघरच नव्हते.

## टप्पा ७: कुटुंबाच्या गटात काय लिहायचे

आपल्याकडे हे वेचे मराठी भाषांतर होऊन, कधी नुसत्या आवाजी संदेशातून, पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांमार्फत पुन्हा न्यू जर्सीत येतात. भाषांतरात ‘चर्चा केली’चे ‘ठरवले’ होते आणि मूळ तारीख गळून पडते. मावशींना चारचौघांत खोटे पाडू नये. त्यांना वेगळा संदेश पाठवून मूळ पत्राची तारीख आणि लेखक कळवावा, आणि गटात एकच ओळ लिहावी: हे पत्र कोणाचे, केव्हाचे आणि कोणी तपासले. चूक आपली असेल, तर जुना संदेश नुसता पुसू नये, दुरुस्ती त्याच गटात टाकावी.

## टप्पा ८: स्वयंसेवक असाल, तर स्वतःचे खाते

प्रचारात फोन करणारी, दारोदार जाणारी मराठी तरुण मंडळी आता बरीच आहेत. पोडेस्टा यांच्याकडे आलेले पत्र गूगलच्या सुरक्षा सूचनेसारखे होते: तुमचा पासवर्ड कोणाला तरी मिळाला आहे, लगेच बदला. त्यांच्या कार्यालयाने तंत्रज्ञांना विचारले, हे विशेष. उत्तर आले की पत्र खरे आहे. लिहिणाऱ्याने नंतर सांगितले की आपल्याला ‘खरे नाही’ असे लिहायचे होते. त्याच उत्तरात गूगलचा अस्सल पत्ता आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करण्याचा सल्लाही होता, पण टिचकी फसव्या दुव्यावर पडली.

यातून क्रम असा घ्यावा: पत्र बंद करावे, नवी खिडकी उघडावी, सेवेचा पत्ता हाताने टाइप करून आत जावे, तिथे सूचना दिसली तरच पासवर्ड बदलावा. दोन टप्प्यांची पडताळणी त्याआधीच सुरू असावी. प्रचाराचे काम घरच्या खात्यातून करू नये आणि संशय आल्यास खात्री लेखी उत्तरावर न ठेवता फोनवर बोलून करावी.

## टप्पा ९: मतदानाचा दिवस आणि त्यानंतरचे आठवडे

केंद्रावर यादीत नाव सापडले नाही, तर परत फिरू नये. २००२ च्या संघीय कायद्याने अशा मतदाराला प्रोव्हिजनल बॅलट, म्हणजे पात्रता तपासून नंतर मोजली जाणारी मतपत्रिका, मागता येते. ती भरून दिल्यावर मिळणारी चिठ्ठी जपून ठेवावी, कारण आपले मत मोजले गेले का ते तिच्यावरूनच विचारायचे असते.

त्या रात्री आकडे वरखाली होतात आणि नेमक्या त्याच वेळी ‘मोजणी हॅक झाली’चे संदेश येतात. टपाली मते काही राज्यांत उशिरा मोजली जातात, म्हणून आघाडी बदलते. रात्रीचे आकडे अनधिकृत असतात. त्यानंतर काउंटी पातळीवर ताळा घेतला जातो, अनेक राज्यांत कागदी मतपत्रिकांचे नमुने तपासले जातात, आणि मग निकाल प्रमाणित होतो. २०२० मध्ये जॉर्जियाने अध्यक्षपदाची सुमारे ५० लाख मते हाताने पुन्हा मोजली आणि विजेता तोच राहिला. संगणकावर कितीही संशय घेतला, तरी कागद पुन्हा मोजता येतो, म्हणून आपल्या काउंटीत मतदान कागदावर होते का, हे आधीच विचारून ठेवावे.

अखेरची तपासणी: टपाली मतपत्रिका पाठवली असेल, तर राज्याच्या संकेतस्थळावर तिची स्थिती पाहावी. ‘मिळाली’ आणि ‘स्वीकारली’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. फक्त ‘मिळाली’ असे दिसत असेल, तर दोन दिवसांनी पुन्हा पाहावे, आणि तरीही तेच दिसले तर वहीतला काउंटी क्लार्कचा क्रमांक फिरवावा.